एक्स्प्लेनर : ‘बॅकवर्ड’ म्हणजे नेमकं कुणाच्या मागे? पापळच्या पंजाबरावांनी एका इंग्रजी शब्दाचा मांडलेला हिशेब

क्रिकेटची मॅच बघताना ‘बॅकवर्ड पॉइंट’ हा शब्द तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. तिथे उभ्या असलेल्या खेळाडूला कुणी मागासलेला म्हणत नाही. उलट संघातला सगळ्यात चपळ फिल्डर तिथे लावतात. तोच शब्द प्रवेश अर्जावर ‘बॅकवर्ड क्लास’ म्हणून आला की मात्र रांगेतल्या मुलाची मान थोडी खाली जाते आणि मागे कुणाची तरी कुजबुज सुरू होते. शब्द तोच, स्पेलिंग तेच. मग फरक कुठे पडतो?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना अमरावती जिल्ह्यातल्या एका माणसाचं आयुष्य समोर येतं. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख. २७ डिसेंबर १८९८ ते १० एप्रिल १९६५. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि अकोल्यात कृषी विद्यापीठ असल्यामुळे वऱ्हाडात त्यांचं नाव रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतं. पण या एका शब्दाशी त्यांचं काय नातं होतं, हे जयंतीच्या बॅनरवर येत नाही.

आधी शब्द समजून घेऊ

‘बॅकवर्ड’चे दोन तुकडे आहेत, बॅक आणि वर्ड. हा ‘वर्ड’ म्हणजे शब्द नव्हे. तो दिशा दाखवणारा जुना प्रत्यय आहे. फॉरवर्ड, अपवर्ड, होमवर्ड यांत तोच आहे. म्हणजे मूळ अर्थ इतकाच, मागच्या दिशेचा किंवा मागच्या दिशेने. ब्रिटिश इंग्रजीत विशेषण म्हणून ‘बॅकवर्ड’ आणि क्रियाविशेषण म्हणून ‘बॅकवर्ड्स’ असा फरक करतात. अमेरिकेत दोन्हीकडे ‘बॅकवर्ड’ चालतं. स्पर्धा परीक्षेत यावर प्रश्न आला तर एवढं पुरे.

पण ‘मागे’ हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. कुणाच्या मागे, कुठल्या रेषेच्या मागे, हे सांगावंच लागतं. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला शिकवतात की संदर्भबिंदू ठरल्याशिवाय मागे-पुढे या शब्दांना अर्थ नसतो. (हे शिकवत असतानाच अनेकांना त्याच विषयात ‘बॅक’ लागतो, ती गोष्ट वेगळी.) क्रिकेटमध्ये ही रेष फलंदाजाच्या जागेवरून दोन्ही बाजूंना जाते. तिच्या मागचा तो बॅकवर्ड, पुढचा तो फॉरवर्ड. सगळ्यांना दिसणारी, कुणाचाही अपमान न करणारी रेष.

तांत्रिक भाषेतही असंच आहे. नवं उपकरण जुन्या फाइल्स, जुने गेम चालवत असेल तर ते ‘बॅकवर्ड कम्पॅटिबल’. सूतगिरणीने कापूस बाहेरून घेण्याऐवजी स्वतःची जिनिंग टाकली तर ते ‘बॅकवर्ड इंटिग्रेशन’. कुणासाठी खूप झटणं म्हणजे ‘बेंड ओव्हर बॅकवर्ड्स’. यात कुठेही कमीपणा नाही.

कमीपणा येतो तो शब्द माणसाला चिकटवला की. इंग्रजी शाळांमध्ये एकेकाळी अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला सरळ ‘बॅकवर्ड चाइल्ड’ म्हणत. आज ते लिहिणं अपमानकारक मानलं जातं. गरीब देशांनाही आधी ‘बॅकवर्ड’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘अंडरडेव्हलप्ड’ आलं आणि पुढे ‘डेव्हलपिंग’ रूढ झालं. त्यामुळे आयईएलटीएसच्या निबंधात एखाद्या गावातल्या लोकांना ‘बॅकवर्ड पीपल’ लिहू नका. मात्र भारतीय कायद्याबद्दल लिहीत असाल तर ‘बॅकवर्ड क्लासेस’ हाच बरोबर शब्द आहे, कारण तो संविधानात आहे.

जगाने गुंडाळून ठेवलेला शब्द आपल्या संविधानात का राहिला? कारण आपल्याकडे तो शिवी म्हणून नाही, दावा म्हणून वापरला गेला. सरकार, तुमच्या कारभारात आम्ही मागे ठेवले गेलो आहोत. मोजा आणि वाटा द्या, असा दावा.

पापळ ते ऑक्सफर्ड

पापळ हे नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव. तिथल्या शेतकरी कुटुंबात पंजाबरावांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख. गावातली शाळा काही इयत्तांपुरतीच. त्यानंतर चांदूर रेल्वे, कारंजा असं करत अमरावतीचं हिंदू हायस्कूल आणि तिथून पुण्याचं फर्ग्युसन. १९२० मध्ये त्यांनी इंग्लंडची बोट धरली.

एडिंबरा विद्यापीठात त्यांनी संस्कृत घेऊन एम.ए. केलं, ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टरही झाले. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. तो १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपात काढला. कुणब्याच्या, मराठ्याच्या पोराला वेद ऐकण्याचा तरी अधिकार आहे का, यावर त्या काळी गावोगाव वाद व्हायचे. त्याच काळात वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा मुलगा वेदांवर डॉक्टर होऊन आला.

या टप्प्यावर थांबून बघा. त्या काळच्या कुठल्याही मोजपट्टीने हा माणूस पुढचा, ‘फॉरवर्ड’. संस्कृत पंडित, परदेशी पदवी, बॅरिस्टर. तरी पुढची चाळीस वर्षं त्याने ‘बॅकवर्ड’ या शब्दाखाली उभं राहून काम केलं. एक माणूस पुढे गेला म्हणून त्याच्यामागचं गाव पुढे जात नाही, हे परत आल्यावर त्यांना रोज दिसत असणार.

अमरावतीत काय केलं?

१९२६ मध्ये ते परतले आणि अमरावतीत वकिली सुरू केली. शेतकरी संघ काढला. ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र चालवलं. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांची मोठी अडचण राहण्याची असते. आजही अमरावतीत रूम शोधणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा. त्यासाठी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उभं केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत.

१९२७ हे वर्ष वेगळं लिहावं लागेल. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी शहरात आले. पंजाबराव या चळवळीच्या बाजूने उघड उभे होते. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केलं. लग्न आंतरजातीय. शंभर वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात, राजकारणात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणाने हे दोन्ही एकाच वर्षी करणं म्हणजे मतांचा विचार बाजूला ठेवणंच होतं.

१९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. या काळातले दोन निर्णय आपल्या शब्दाशी थेट जोडलेले आहेत. एक, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. दोन, प्राथमिक शिक्षणासाठी कराचा बोजा वाढवायची तयारी ठेवली. म्हणजे ‘मागे’ असणं त्यांच्या लेखी रक्तातली गोष्ट नव्हती. ती विहिरीच्या दोरापासूनचं अंतर होती, शाळेपासूनचं अंतर होती. अंतर असेल तर ते मोजता येतं आणि कमीही करता येतं.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे मंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती ही खाती त्यांच्याकडे होती. देवस्थानांच्या उत्पन्नाचा हिशेब लागावा आणि तो पैसा लोकोपयोगी कामाला लागावा म्हणून त्यांनी १९३२ मध्ये हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक आणलं. ते पुढे गेलं नाही. श्री शिवाजी शिक्षण संस्था याच सुमारास उभी राहिली. आज तिची शाळा-महाविद्यालयं विदर्भभर आहेत. दिल्लीच्या राजा गार्डनजवळचं शिवाजी कॉलेजही १९६१ मध्ये त्यांनीच सुरू केलं, हे दिल्लीत शिकणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना माहीत नसतं.

हा शब्द कायद्यात आला कुठून?

महाराष्ट्रात याची सुरुवात कोल्हापूरला होते. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. मागासलेले कोण? त्या आदेशाची पद्धत उलटी होती. पुढारलेले कोण ते सांगितलं होतं, म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर प्रगत जाती. ते सोडून बाकी सगळे मागासलेले. रेष पुढच्यांभोवती आखली होती.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. तिने मागासवर्गाचे तीन कप्पे केले : डिप्रेस्ड क्लासेस, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि अदर बॅकवर्ड क्लासेस. आज आपण ज्याला ओबीसी म्हणतो, त्या नावाचा हा एक जुना सरकारी धागा. म्हणजे ओबीसी हा शब्द मंडल आयोगाने जन्माला घातला, हा समज चुकीचा.

३० नोव्हेंबर १९४८

पंजाबराव संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. आजचं कलम १६(४) म्हणजे सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा ठेवण्याची मुभा. ते त्या दिवशी मसुद्यातलं कलम १०(३) म्हणून चर्चेला आलं. मसुदा समितीने ‘नागरिकांचा वर्ग’ या शब्दांआधी एक शब्द वाढवला होता, ‘बॅकवर्ड’. दिवसभर भांडण झालं ते या एका शब्दावर.

सदस्य विचारत होते, याची व्याख्या कुठे आहे? टी. टी. कृष्णम्माचारी यांनी टोमणा मारला की हे संविधान वकिलांच्या सोयीचं होणार. कन्हैयालाल मुन्शींनी मुंबई प्रांताचा दाखला देऊन सांगितलं की हा शब्द तिथे अनेक वर्षं वापरात आहे. शेवटी आंबेडकरांनी उत्तर दिलं. मुद्दा साधा होता. सगळ्यांना समान संधी हे तत्त्व आणि काही समाजांना आजवर कारभाराबाहेर ठेवलं गेलं हे वास्तव, दोन्ही सांभाळायचं आहे. ‘बॅकवर्ड’सारखा मर्यादा घालणारा शब्द नसेल तर अपवादच नियमाला गिळून टाकेल. आणि मागास कोण, हे त्या त्या सरकारने ठरवावं.

शब्द राहिला. व्याख्या मात्र उघडी ठेवली गेली. पुढच्या पंचाहत्तर वर्षांतली आंदोलनं, आयोग, खटले या उघड्या जागेतून निघाले.

पंजाबरावांचा संविधान सभेतला सूर ठरलेला होता. सरकारी सेवांमध्ये खेड्यातल्या, शेती करणाऱ्या समाजांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कुठेच नाही, हे ते पुन्हा पुन्हा मांडत. त्यांची रेष म्हणजे लोकसंख्या. एवढे लोक, मग कारभारात एवढे का नाहीत?

सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांची स्थिती तपासायला आयोग नेमता येईल, असं कलम ३४० सांगतं. विदर्भात याचं श्रेय अनेकदा एकट्या भाऊसाहेबांना दिलं जातं. मला ते घाईचं वाटतं. मसुदा समिती आणि आंबेडकर यांना वगळून या कलमाची गोष्ट सांगता येत नाही. पण शेतकरी जातींचा प्रश्न सभेत सतत जागा ठेवणाऱ्यांत ते आघाडीवर होते, एवढं नक्की. आणि सगळंच गोड लिहायचं नसेल तर हेही सांगायला हवं : ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या चर्चेत त्यांनी हिंदू आणि शिखांना धर्माच्या आधारे वेगळा हक्क देण्याची भूमिका घेतली होती. सभेने ती मान्य केली नाही.

मंत्री, आणि त्याच सरकारने बाजूला ठेवलेला अहवाल

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर गेले. १९५२ ते १९६२ केंद्रात त्यांनी कृषी खातं सांभाळलं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये त्यांना देशाचे पहिले कृषिमंत्री म्हणतात. काटेकोर बोलायचं तर स्वातंत्र्याच्या वेळी अन्न व कृषी खातं डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होतं. पंजाबराव आले ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रसार, १९५५ मध्ये भारत कृषक समाज, १९५९-६० च्या हिवाळ्यात दिल्लीत भरलेलं जागतिक कृषी प्रदर्शन ही त्या दहा वर्षांतली ठळक कामं. प्रदर्शनातल्या अमेरिकन दालनासाठी खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते.

याच काळात ते ऑल इंडिया बॅकवर्ड क्लासेस फेडरेशनचेही अध्यक्ष होते. आणि इथे त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड पेच येतो.

२९ जानेवारी १९५३ रोजी कलम ३४० खाली पहिला मागासवर्ग आयोग नेमला गेला. अध्यक्ष साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर. ३० मार्च १९५५ ला अहवाल आला. २,३९९ जातींची यादी, त्यातल्या ८३७ अतिमागास. पण अहवालासोबत राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात कालेलकरांनी स्वतःच जात हा आधार धरण्याला विरोध केला. अध्यक्षच आपल्या अहवालाच्या विरोधात! सरकारला निमित्त मिळालं. गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी जातीची कसोटी नाकारली आणि १९६१ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की यादी तुमची तुम्ही करा. जमल्यास आर्थिक निकष लावा.

पंजाबराव त्याच सरकारात मंत्री होते. एका हाताने फेडरेशन, दुसऱ्या हाताने सरकारी फाइल. त्यांनी राजीनामा दिला नाही. काहींच्या मते ही त्यांची कमजोरी. मला वाटतं, कृषी खात्यातून शेतकऱ्यासाठी होणारं काम त्यांना जास्त जवळचं वाटलं असावं. तसंही त्यांच्या लेखी शेतकरी आणि मागासलेला हे दोन वेगळे लोक नव्हतेच. मात्र केंद्रातल्या नोकऱ्यांसाठी ओबीसींना १९९० पर्यंत थांबावं लागलं. कालेलकर अहवालापासून मोजलं तर ३५ वर्षं. म्हणजे एक अख्खी पिढी वयोमर्यादा ओलांडून गेली.

आणि आजचा वाद?

विदर्भातल्या गावांमध्ये एक आठवण अजून सांगितली जाते. भाऊसाहेबांनी इथल्या मराठ्यांना सांगितलं की शेती करता ना, मग कुणबी म्हणून नोंद करा. १९६७ मध्ये महाराष्ट्र सरकारने इतर मागासवर्गाची यादी काढली, त्यात कुणबी आहे, मराठा नाही. अमरावती-अकोल्यात आज कुणबी दाखला ही नेहमीची गोष्ट आहे. मराठवाड्यात ती नव्हती.

दोन्हीकडची जमीन काळीच. पीक कापूस, तूर, सोयाबीन. कर्जाचं गणितही तेच. पण एकीकडे नोंदवहीत एक शब्द आहे आणि दुसरीकडे दुसरा. ‘बॅकवर्ड’ची व्याख्या उघडी ठेवली की अखेर निर्णय शब्दाच्या नोंदीवर येतो, तो असा. मराठा आरक्षणासाठी राज्याने २०१८ मध्ये केलेल्या कायद्यातही शब्द तेच होते, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणजे एसईबीसी. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा कायदा आला, पुन्हा त्याच शब्दांखाली. दुसऱ्या बाजूला आधीपासून ओबीसी यादीत असलेल्या लहान जातींना भीती आहे की मोठा समाज आत आला तर आपला घास जाईल. दोघांकडेही पुढे करायला एकच शब्द आहे.

पंजाबराव गेले तेव्हा अकोल्याचं विद्यापीठ कागदावरही नव्हतं. २० ऑक्टोबर १९६९ ला ते सुरू झालं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. लोक त्याला पीकेव्ही म्हणतात. ‘पीकेव्ही हायब्रीड २’ हे कपाशीचं वाण वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पेरलं. पिशवीवरच्या त्या तीन अक्षरांतलं पहिलं अक्षर म्हणजे पापळचा हा माणूस, हे किती जणांच्या लक्षात येत असेल कोण जाणे.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसील कार्यालयांतून जुने दप्तर निघालं, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणावं लागलं. नोंदवह्यांतली पिवळी पानं एकेक करून उलटली गेली. त्या पानांवर कुणबी सापडतो, मराठा सापडतो, माळी, तेली सापडतो. ‘मागास’ हा शब्द मात्र त्या जुन्या वह्यांमध्ये कुणी लिहिलेला नसतो.